ऑनलाइन टायमरने कामाचे तास मोजायचे तर: बटण दाबण्याआधीपासून महिनाअखेरच्या रिपोर्टपर्यंत

सोमवारी टायमर लावायचा, बुधवारी दुपारी तो थांबवायला विसरायचं, शुक्रवारी आठवून आठवून रकाने भरायचे आणि पुढच्या सोमवारी अ‍ॅप काढून टाकायचं. कामाचे तास मोजायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी याच रस्त्याने जाते. नव्याचे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत. यात आळसाचा दोष कमी, क्रमाचा जास्त. बटण आधी दाबलं जातं आणि काय मोजायचंय हे नंतर ठरतं. ठरलंच तर.

मी स्वतः तासांवर बिल होणारं लेखन-संपादनाचं काम करतो. खालचा क्रम चुका करत करत बसवलेला आहे. तो उलटा-सुलटा करू नका, विशेषतः पहिले चार टप्पे. त्यात चाचणी सोडली तर टायमर चालूही होत नाही, म्हणून लोक ते गाळतात.

## टप्पा १: मोजून काय ठरवायचंय?

टायमर लावण्यामागे साधारण तीन कारणं असतात.

एक, कुणाला तरी तास दाखवायचे आहेत: बिल किंवा टाइमशीट. दोन, पुढच्या कामाचा अंदाज बांधायचा आहे. तीन, दिवसभर बसूनही काम पुढे का सरकत नाही, हे बघायचं आहे.

तिन्हींसाठी नोंद वेगळी लागते. बिलाला ग्राहक आणि मिनिटं नेमकी हवीत, पण तुम्ही त्या वेळात किती वेळा फोन बघितला याच्याशी बिलाला देणंघेणं नाही. अंदाजासाठी कामाचा प्रकार महत्त्वाचा, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतं. तिसऱ्या कारणासाठी मात्र मधली रिकामी जागाच सगळ्यात बोलकी असते. एकाच नोंदीतून तिन्ही काढायला गेलं की वर्गवारी वीस-पंचवीस रकान्यांची होते आणि मग कुणीच ती भरत नाही.

एक कारण निवडा आणि एका वाक्यात कागदावर लिहा. “मला ... हे ठरवायचं आहे.”

तपासा: वाक्यात “उत्पादकता वाढवायची आहे” असं आलं असेल तर ते पुन्हा लिहा. “एका प्रकरणाच्या संपादनाला खरोखर किती तास लागतात ते ठरवायचं आहे” हे चालेल.

## टप्पा २: टायमरचा प्रकार

इथे सर्रास गल्लत होते. ऑनलाइन टायमर दोन जातींचे असतात.

पहिला वर चढणारा, म्हणजे स्टॉपवॉचसारखा. टॉगल ट्रॅक, क्लॉकिफाय या सेवा याच प्रकारातल्या. सुरुवात, शेवट, कामाचं वर्णन आणि प्रोजेक्ट अशी नोंद त्या साठवून ठेवतात.

दुसरा खाली उतरणारा, म्हणजे काउंटडाउन. पोमोडोरो टायमर हे त्याचं ओळखीचं रूप: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, आणि अशा चार फेऱ्यांनंतर जरा मोठी विश्रांती. हा लक्ष बांधून ठेवायला चांगला, पण साधा काउंटडाउन वाजला की संपला, मागे हिशेब राहत नाही. दिवसभर काउंटडाउन लावून संध्याकाळी “आज किती तास झाले?” असं विचारलं तर उत्तर मिळणार कुठून?

तास मोजायचे असतील तर सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा. दुसरा सहाव्या टप्प्यात येईल.

ब्राउझरच्या टॅबमध्ये चालणारे काउंटडाउन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याच्यावर मेहेरबान राहत नाही. क्रोममध्ये एखादा टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ नजरेआड आणि आवाज न करता राहिला, तर त्यातल्या स्क्रिप्टला मिनिटातून एकदाच जाग येऊ शकते. बॅटरी वाचावी म्हणून ही सोय आहे. त्यामुळे २५ मिनिटांची घंटा काही वेळा उशिरा वाजते. लॅपटॉप झोपला तर ती वाजतच नाही. नीट बनवलेले टायमर सुरुवातीची वेळ साठवतात आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करतात, त्यामुळे घंटा चुकली तरी त्यांचा आकडा बरोबर राहतो. जे एकेक सेकंद मोजत बसतात ते मागे पडतात.

तपासा: दहा मिनिटांचा टायमर लावा, दुसऱ्या टॅबवर काम करा, आणि फोनच्या घड्याळाशी ताडून बघा. नंतर नोंद ठेवणाऱ्या सेवेत टायमर सुरू करून टॅब बंद करा आणि दोन मिनिटांनी पुन्हा उघडा. आकडा पुढे गेलेला दिसला पाहिजे. शून्यावर आला असेल तर ती सेवा सोडा.

## टप्पा ३: प्रोजेक्टची यादी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

नियम साधा: हातात काम असताना ते कुठल्या नावाखाली जातं हे दोन सेकंदांत ठरलं पाहिजे. ठरत नसेल तर यादी चुकली आहे. सहा ते आठ नावं पुरतात. त्यापलीकडे गेलं की आपण काम करण्याऐवजी कामाचं नाव शोधत बसतो.

नावं देताना साधनाचं नाव देऊ नका, हेतूचं द्या. “ईमेल”, “मीटिंग”, “फोन” हे प्रोजेक्ट नव्हेत. ग्राहकाच्या अहवालासाठी लिहिलेला ईमेल हे त्या अहवालाचंच काम आहे. मी सुरुवातीला “ईमेल” असा वेगळा प्रोजेक्ट ठेवला होता. महिनाअखेरीला त्याखाली घसघशीत तास जमले आणि त्यातले कुणाचे किती हे सांगता येईना. बिलात अर्थातच ते गेले नाहीत. ईमेलवर किती वेळ जातो हे कळायलाच हवं असेल तर त्यासाठी टॅग वापरा. प्रोजेक्ट सांगतो कुणासाठी किंवा कशासाठी, टॅग सांगतो कशा प्रकारे.

वर्णनाच्या रकान्यात “काम”, “दुरुस्ती”, “उरलेलं” असं लिहू नका. तीन आठवड्यांनी त्याचा अर्थ तुम्हालाही लागणार नाही. “प्रकरण ३, दुसरं वाचन” इतकं पुरतं. आणि एकच काम दर वेळी त्याच शब्दांत लिहा. “दुसरं वाचन”, “वाचन २” आणि “दु. वाचन” ही रिपोर्टच्या दृष्टीने तीन वेगळी कामं आहेत.

यादीत दोन नावं हमखास ठेवा. एक “व्यवस्था”: बिलं, कॅलेंडर, फाइली लावणं वगैरे. दुसरं “अज्ञात”. ते कशासाठी, हे पुढे येईल. “इतर” मात्र ठेवू नका. एकदा ठेवलं की सगळं त्यातच जातं.

मग सीमारेषेवरच्या गोष्टींचा निकाल आधीच लावा. ऑनलाइन मीटिंगमध्ये दुसऱ्याची वाट बघण्यात गेलेली सात मिनिटं धरायची का? खुर्चीतून उठून फेऱ्या मारत केलेला विचार? चुकून पुन्हा करावं लागलेलं काम? उत्तर कुठलंही असो, रोज तेच असलं पाहिजे. चार-पाच ओळींत लिहून ठेवा.

सावधान: टीमसाठीच्या खात्यात तुमची वर्णनं इतरांना, निदान खातं चालवणाऱ्याला दिसू शकतात. गोपनीय नावं, आजारपणाचे तपशील, कुणाबद्दलचं मत तिथे लिहू नका. ग्राहकासाठी संकेतनाव ठेवलेलं बरं.

## टप्पा ४: सेटिंग, एकदाच

पंधरा मिनिटांचं काम आहे, पण नंतर दुरुस्त करायला गेलं तर तासभर जातो.

वेळेचा पट्टा म्हणजे टाइम झोन बरोबर आहे ना, ते बघा. तो चुकला तर रात्री केलेलं काम भलत्याच तारखेला पडतं. आठवडा कुठल्या वारी सुरू होतो ते ठरवा. कालावधी तास-मिनिटांत दिसावा की दशांशात, हेही आत्ताच निवडा. त्यातली मेख सातव्या टप्प्यात सांगतो.

बऱ्याच सेवांच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये “आयडल डिटेक्शन” असतं: काही मिनिटं माउस-कीबोर्ड हलला नाही की टायमर विचारतो, हा वेळ ठेवू की काढू? विसराळू माणसाला याचा मोठा आधार. पण कागदावर वाचणारा, फोनवर बोलणारा किंवा नुसता विचार करणारा माणूसही त्याच्या लेखी रिकामाच बसलेला असतो. तुमचं काम तसं असेल तर मर्यादा जरा सैल ठेवा. आणि प्रश्न आला की सवयीने “काढून टाका” दाबू नका, आधी आठवा.

टायमर कुठून चालू करायचा तेही ठरवा: पिन केलेला टॅब, एक्स्टेन्शन किंवा फोन, यांपैकी एकच. दोन-तीन ठिकाणांहून चालू-बंद करणारा माणूस लवकरच कुठून काय चालू आहे हे विसरतो.

## टप्पा ५: दोन आठवडे फक्त नोंद

आता बटण दाबा. पण या दोन आठवड्यांत सुधारायचं काहीच नाही. जसं काम करता तसंच करा. पहिल्याच दिवशी शिस्तीत बसलात तर टायमर तुमचा नेहमीचा दिवस मोजणार नाही, पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर मोजेल.

क्रम असा:

१. फाइल उघडण्याआधी वर्णन लिहा, प्रोजेक्ट निवडा, टायमर सुरू करा. फोन आला तर उलट: आधी बटण, मग नाव.

२. काम बदललं की नवी नोंद सुरू करा. वर सांगितलेल्या सेवांमध्ये नवी नोंद सुरू केली की जुनी आपोआप थांबते, त्यामुळे “थांबवा” शोधत बसायची गरज नाही.

३. दोन मिनिटांहून लहान व्यत्ययासाठी टायमरला हात लावू नका. त्याहून मोठा असेल तर नवी नोंद. प्रत्येक “एक मिनिट हं” साठी बटण दाबायला लागलात तर टायमर हाच सगळ्यात मोठा व्यत्यय होतो.

४. खुर्चीतून उठताना टायमर थांबवा. नंतर, परत आल्यावर नव्हे.

५. दिवस संपताना पाच मिनिटं काढून दिवसाची यादी वरून खाली वाचा.

ही पाच मिनिटं चुकवू नका. एका सकाळची नोंद अशी दिसते:

९:१० ते १०:२५, अहवाल, मसुदा
१०:२५ ते १०:४०, अहवाल, ग्राहकाचा फोन
(१०:४० ते ११:०५, नोंद नाही)
११:०५ ते १२:५०, अहवाल, तक्ते

खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत ३ तास ४० मिनिटं झाली, नोंदलेली ३ तास १५ मिनिटं. मधली २५ मिनिटं कुठे गेली? त्याच संध्याकाळी विचारलं तर आठवतं: फोननंतर एक दुवा उघडला, त्यातून दुसरा. चार दिवसांनी विचारलं तर आपण बिनदिक्कत “तक्त्यांची तयारी” असं लिहून मोकळे होतो. आठवत असेल तर भरा आणि “अंदाजे” असा टॅग लावा. आठवत नसेल तर “अज्ञात”. तिसरं कारण निवडलेल्यांसाठी तर हाच रकाना सगळ्यात मोलाचा आहे, त्याला लाजून दुसऱ्या नावाखाली लपवलं तर मोजणं फुकट.

तपासा: चार तासांहून लांब नोंद दिसली की संशय घ्या.

हे मला महागात पडून समजलं. एका शुक्रवारी संध्याकाळी ६:४० ला टायमर लावून “आता फक्त शेवटचं पान” म्हणून बसलो आणि अर्ध्या तासात उठलो. टायमर शनिवारी सकाळी ९ वाजता सापडला. १४ तास २० मिनिटांचं शेवटचं पान! लॅपटॉप बंद होता, पण सुरुवातीची वेळ सर्व्हरवर होती, त्यामुळे टॅब बंद झाला तरी टायमर चालूच. दुसऱ्या टप्प्यात ज्या गुणाची आपण परीक्षा घेतली तोच इथे उलटतो.

अशा वेळी शेवटची वेळ अंदाजाने लिहू नका, पुरावे असतात. फाइल शेवटची कधी सेव्ह झाली, शेवटचा ईमेल कधी गेला, ब्राउझरच्या हिस्टरीत कामाचं शेवटचं पान कधी उघडलं होतं. माझी फाइल ७:०८ ला सेव्ह झाली होती. नोंद २८ मिनिटांची झाली.

## टप्पा ६: आता काउंटडाउन

दोन आठवड्यांच्या नोंदीतून एक गोष्ट शोधा: तुम्ही न थांबता सहज किती वेळ काम करता? एकाच कामाच्या सलग नोंदी बघा. बहुतेक ४०-५० मिनिटांच्या असतील तर २५ मिनिटांची घंटा रंगात आलेलं काम मोडेल. त्या १५ मिनिटांच्या असतील तर ५० मिनिटांचा टायमर हा नुसता संकल्प होईल. जी लांबी सापडते तिथून सुरू करा. २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

काउंटडाउन नोंदीच्या टायमरच्या आत चालतो, त्याच्याऐवजी नाही. नोंद सुरू करा, मग काउंटडाउन. त्याआधी नोटिफिकेशन बंद करा आणि फोन हाताच्या अंतरावरून हलवा. उतरणारे सेकंद डोळ्यांसमोर ठेवू नका. त्या आकड्यांकडे बघण्यात भल्याभल्यांची वेळ जाते. घंटेचा आवाज ऐकू आला की झालं.

घंटा वाजली की चालू वाक्य पुरं करा आणि पुढे काय करायचं होतं ते एका ओळीत लिहून उठा. ही ओळ न लिहिता उठलात तर परत आल्यावरची पहिली पाच-सात मिनिटं आपण कुठे होतो हे शोधण्यात जातात.

सावधान: विश्रांतीलाही टायमर लावा. कामाची २५ मिनिटं सहसा २५ च राहतात, विश्रांतीची ५ मात्र बघता बघता २० होतात.

## टप्पा ७: रिपोर्ट आणि आकड्यांचे सापळे

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. रंगीत वर्तुळात रमू नका. टप्पा १ मधला कागद काढा आणि फक्त त्या वाक्याचं उत्तर शोधा.

अंदाजासाठी मोजत असाल तर: काम सुरू करण्याआधी अंदाज लिहून ठेवलेला असला पाहिजे. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर निघतो. ६ तास वाटलेल्या कामाला ९ लागले तर गुणोत्तर १.५. अशी एकाच प्रकारची पाच-सहा कामं झाली की गुणोत्तरं चढत्या क्रमाने लावून मधलं घ्या आणि पुढच्या अंदाजाला त्याने गुणा. सरासरी घेऊ नका, एखादं भरकटलेलं काम ती कुठल्या कुठे नेतं.

बिलासाठी मोजत असाल तर तीन सापळे आहेत.

दशांश. १ तास ४५ मिनिटं म्हणजे १.७५ तास, १.४५ नव्हे. १.४५ लिहून दराने गुणलंत तर १८ मिनिटांचे पैसे सोडलेत. मिनिटांना ६० ने भागा: २० मिनिटं ०.३३, ५० मिनिटं ०.८३.

स्प्रेडशीटमधली बेरीज. सेवेतून उतरवून घेतलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये उघडून कालावधींची बेरीज केली आणि ३१ तास ३० मिनिटांऐवजी ७:३० दिसलं, तर काही हरवलेलं नाही. एक्सेलच्या लेखी वेळ हा दिवसाचा भाग असतो, ६ तास म्हणजे ०.२५, आणि नेहमीचं वेळेचं स्वरूप पूर्ण दिवस गाळून उरलेलं दाखवतं. वेळेच्या प्रकारांतला ३७:३०:५५ असा नमुना असलेला प्रकार निवडा. गूगल शीट्समध्ये त्यालाच ड्युरेशन म्हणतात. दराने गुणायचं असेल तर त्याआधी बेरजेला २४ ने गुणा.

पूर्णांकन. प्रत्येक नोंद १५ मिनिटांच्या पटीत वर नेणं आणि एकूण बेरीज वर नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ७ मिनिटांच्या दहा नोंदी म्हणजे ७० मिनिटं. एकूण वर नेली तर ७५. प्रत्येक नोंद वर नेली तर १५०, म्हणजे खऱ्या वेळेच्या दुपटीहून जास्त. वकिलीसारख्या पेशांत ६ मिनिटांचं, म्हणजे ०.१ तासाचं एकक चालतं, ते बरंच न्याय्य पडतं. पद्धत कुठलीही ठेवा, पण ग्राहकाला आधी सांगा. ती पहिल्यांदा बिलात दिसली तर भांडण ठरलेलं.

## टप्पा ८: एका वेळी एकच बदल

नोंदीत काहीतरी खुपणारं दिसेलच. रोज फोननंतरची ती २५ मिनिटं, समजा. एक उपाय निवडा: फोन शक्यतो सकाळी ११ नंतर घ्यायचे. दोन आठवडे तेवढंच करा, मग त्याच रकान्याकडे पुन्हा बघा. त्याच आठवड्यात पोमोडोरो, लवकर उठणं आणि नवं अ‍ॅप असं सगळं सुरू केलं तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

नोंदलेल्या तासांचं लक्ष्य ठेवू नका. आठ तास खुर्चीत बसलेल्या दिवशीही माझे नोंदलेले तास साधारण साडेपाच भरतात. पहिल्यांदा धक्का बसला होता. आठचा आकडा गाठायचा ठरवलं की माणूस काम वाढवत नाही, टायमर थांबवायला कुचराई करतो. टीम सांभाळणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं. दोन माणसांचे तास शेजारी ठेवून तुलना सुरू झाली की त्या दिवसापासून तुम्हाला खरी नोंद मिळत नाही.

महिन्याच्या शेवटी सीएसव्ही एक्स्पोर्ट करून वर्ष-महिन्याच्या नावाने आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा. सेवा बंद पडू शकते, मालक बदलतात, मोफत योजनेतल्या सोयी कमी होतात.

आणि बिलासाठी मोजत नसाल तर पहिल्या टप्प्यातल्या वाक्याचं उत्तर मिळालं की टायमर बंद करा. तीन-चार महिन्यांनी त्याच यादीने, त्याच नियमांनी पुन्हा दोन आठवडे लावा आणि “अज्ञात” रकाना आधी उघडा.